नागपूर शंभर, जबलपूर तीनशे

महाराष्ट्रातल्या सावनेरहून मध्य प्रदेशातल्या सौंसरकडे जाताना राज्य कधी बदललं हे कानांना कळत नाही. नाक्याच्या अलीकडच्या टपरीवर जी मराठी, तीच पलीकडच्या टपरीवर. डोळ्यांना मात्र कळतं. ‘वाहने सावकाश चालवा’ची पाटी ‘धीरे चलें’ होते, तलाठ्याचा पटवारी होतो, सातबाऱ्याचा खसरा होतो, आणि पेट्रोल पंपावरच्या आकड्यात फरक पडतो. सीमेवरचा ट्रॅक्टरवाला दोन्ही बाजूंचे भाव तोंडपाठ ठेवतो आणि टाकी त्याप्रमाणे भरतो. माझ्या गाडीच्या ड्रायव्हरने तर आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं की डिझेल इकडे टाकायचं की तिकडे.

हा फरक कुठून आला, याचं उत्तर शोधत मागे गेलं तर थेट १९३८ साल लागतं. तेव्हा सौंसर, पांढुर्णा, नागपूर, वर्धा, अमरावती हे सगळं एकाच प्रांतात होतं. मध्यप्रांत आणि वऱ्हाड. राजधानी नागपूर. नागपूरच्या विधिमंडळाने त्या वर्षी चौदा क्रमांकाचा कायदा केला आणि मोटारीचं इंधन व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. दिल्लीच्या भुवया वर गेल्या. १९३५च्या भारत सरकार कायद्याने मालाच्या उत्पादनावरचं शुल्क केंद्राला दिलं होतं. दिल्लीचं म्हणणं असं की देशात तयार झालेल्या पेट्रोलवरचा कर, मग तो विहिरीपाशी घ्या की पंपापाशी, उत्पादनशुल्कच होय, आणि ते आमचं. नागपूरचं म्हणणं, ‘मालाच्या विक्रीवरील कर’ ही नोंद प्रांतांच्या यादीत आहे, आम्ही विक्रीवर घेतो आहोत.

फेडरल कोर्ट स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. गव्हर्नर जनरलने या कोर्टाकडे सल्ल्यासाठी पाठवलेलं हे पहिलंच प्रकरण. पीठावर तिघे: सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर. डिसेंबरमध्ये मत आलं ते नागपूरच्या बाजूने. दोन नोंदी एकमेकींवर आपटत असतील तर दोघींनाही जागा राहील अशा वाचायच्या. माल बनवताना केंद्राने घ्यावं, विकताना प्रांताने. आज वाचताना ही साधी वाटणी वाटते. पण पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं राज्यांची तिजोरी या वाटणीवर चालली. विक्रीकर हे राज्यांचं मुख्य दूधदुभतं झालं ते इथून. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्यांनी बहुतेक माल त्यात सोडला, पण पेट्रोल-डिझेल हातात ठेवलं. जीएसटी परिषद शिफारस करील तेव्हा ते आत जाईल, अशी तरतूद आहे, आणि परिषद ती शिफारस करत नाही. म्हणून सौंसरचा पंप आणि सावनेरचा पंप आजही वेगवेगळे भाव लावतात. नागपूरने भांडून मिळवलेला हक्क भोपाळ आणि मुंबई दोघीही वापरतात, आणि मधल्या दहा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यातला माणूस त्यातून रुपया-दोन रुपये वाचवतो.

सौंसरचा भाग जुन्या गॅझेटियरांत ‘जेरघाट’ म्हणून येतो. घाटाखालचा मुलूख. जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचा बाकी भाग सातपुड्याच्या पठारावर, सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके खाली, नागपूरच्या मैदानाला लागून. माती काळी, पीक कापूस नि संत्रा, बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि जिल्ह्याबरोबर हा मुलूखही. ऑक्टोबर २०२३मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. त्या ५६च्या रेषेबद्दल इथल्या लोकांना आता तक्रार फारशी नाही. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट हलली, तिच्याबद्दल वकील अजून बोलतात. हायकोर्ट गेलं.

१९३६ पासून नागपूरला स्वतःचं हायकोर्ट होतं. पांढुर्ण्याचा शेतकरी सकाळच्या गाडीने निघून सुनावणी ऐकून रात्री घरी येऊ शके. इटारसी-नागपूर ही मुख्य लाइन, स्टेशन गावातच. १९५६ला मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपूरला बसलं. नागपूर शंभर किलोमीटर, जबलपूर तीनशेच्या घरात, आणि मध्ये घाट. नागपूरची इमारत राहिली, मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ म्हणून राहिली, पण ती आता दुसऱ्या राज्याची. पांढुर्ण्याच्या कोर्टाबाहेर चहा घेताना एका वयस्क वकिलांनी सांगितलं, “आमच्याकडला पेशंट नागपूरले जाते, पोरगं शिकाले नागपूरले जाते, संत्रा नागपूरले जाते. फक्त अपील जबलपूरले जाते.”

हे मनात ठेवून पुढचं वाचावं. न्यायालयांनी काय ठरवलं ही एक गोष्ट, ते ठरलेलं या मातीपर्यंत किती पोचलं ही दुसरी.

जमिनीपासून सुरुवात करू. भोसल्यांच्या काळात गावचा वसूल गोळा करणाऱ्या पाटलांना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या साठीत बंदोबस्त करताना गावाचे मालक करून टाकलं. मालगुजार ते हे. शेती करणारे त्यांची कुळं. स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या विधानसभेने मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला, तो ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. त्याचं चौथं कलम वाचण्यासारखं आहे. मालगुजाराकडून सरकारकडे काय काय गेलं याची ती यादी आहे: गवताळ जमिनी, झुडपी जंगल, झाडं, मासेमारी, विहिरी, तळी, पाण्याचे पाट, नावा, पाऊलवाटा, गावठाण, हाट, बाजार, जत्रा, आणि जमिनीखालची खनिजं. एखादा सबंध गाव वाक्यात उचलून ठेवावा तसं. घरची शेती मात्र मालगुजाराकडे राहिली, मालिक-मकबुजा म्हणून.

जत्राही सरकारजमा झाल्या, हे मला पांढुर्ण्यात वाचताना हसू आणून गेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. गोटमार. माणसं जखमी होतात, मेलीही आहेत. प्रशासन दरवर्षी जमावबंदी पुकारतं आणि दरवर्षी दगड पडतात. कायद्याने जत्रेचा मालक कोण हे ठरतं, जत्रा कोणाचं ऐकते हे ठरत नाही.

मालगुजारी कायद्याला आव्हान देणारा मोठा अर्ज होता अहेरीच्या जमीनदारांचा, विश्वेश्वरराव यांचा. सुप्रीम कोर्टाने तो १९५२ साली बिहारच्या कामेश्वर सिंह प्रकरणाबरोबर ऐकला. एक मुद्दा मोठा गमतीचा होता. नागपूरच्या विधानसभेत ‘विधेयक मंजूर करावे’ हा शेवटचा ठराव मांडलाच गेला नाही, कारण छापील कार्यवृत्तात त्याची नोंद नाही, म्हणून कायदा झालाच नाही! कोर्टाने विधेयकावरचा सभापतींचा दाखला पुरेसा मानला. मोबदल्याचा मुद्दाही टिकला नाही, कारण दरम्यान पहिली घटनादुरुस्ती झाली होती आणि नववं परिशिष्ट नावाची पेटी तयार झाली होती, तिच्यात हा कायदा ठेवलेला होता. पेटीतल्या कायद्याला तेव्हा मूलभूत हक्कांच्या नावाने हात लावता येत नसे. कुळांच्या बाजूने हा निकाल न्याय्यच होता, यात मला शंका नाही. पण पेटी एकदा केली की तिच्यात पुढे काय काय टाकलं जातं हे आपण पाहिलं आहे. मालमत्तेचा हक्क जमीनदारांच्या हातून लढवला गेला म्हणून तो बदनाम झाला. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७९ साली तो मूलभूत हक्कांतून गेला आणि ‘कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही’ एवढी एक ओळ, ३००-अ, मागे राहिली. दोन एकरवाल्याच्या वाट्याला आली ती ही ओळ.

मालकी हक्क रद्द करणाऱ्या याच कायद्यातून निघालेलं आणखी एक प्रकरण संत्र्याच्या प्रत्येक बगीच्यात रोज चालू असतं, पण बागायतदाराला त्याची खबर नाही. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य, १९५८. पतीने १९४८ साली नोंदणी न केलेल्या कागदावर पत्नीला आपल्या जंगलातून बांबू, सरपण आणि साग तोडण्याचा हक्क दिला. मालकी हक्क रद्द झाले, जंगल सरकारकडे गेलं, बाईंनी दाद मागितली. कायदा मध्य प्रदेशचा, पण निकालापर्यंत मुलूख मुंबई राज्यात गेलेला, म्हणून प्रतिवादी मुंबई राज्य. बाई हरल्या. पण या प्रकरणात न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी वेगळं मत लिहून झाड म्हणजे काय याचा उलगडा केला. बोस मूळचे नागपूरच्या कोर्टाचे, तिथले मुख्य न्यायाधीशही होते. जमिनीतून रस ओढणारं, वाढतं झाड ही स्थावर मालमत्ता. लवकरच तोडायचं म्हणून उभं असलेलं ते ‘उभं लाकूड’, म्हणजे जंगम. फळाचं झाड फळ देत असेपर्यंत कोणी लाकूड समजत नाही.

आता बगीच्यात या. आंबियाचा बहार झाडावर हिरवा असतानाच व्यापारी येतो, ओळीतून फिरतो, वर बघतो, मनाशी काहीतरी मोजतो आणि सबंध बगीच्याचा उक्ता भाव सांगतो. घासाघीस होते, विसार दिला जातो, सौदा झाला. नोंदणी कायद्यात ‘झाडावरचं फळ’ जंगम मालमत्तेत मोडतं, त्यामुळे या सौद्याला नोंदणी लागत नाही. झाड स्थावर, फळ जंगम, आणि दोन्ही एकाच देठाला! सौंसरच्या बाजूच्या एका बगीच्यात मी विचारलं, करारनामा करता का? मालकाने खिशातून डायरी काढली. पान उघडलं. तारीख, झाडांची संख्या, रक्कम, आणि शेवटी व्यापाऱ्याची सही नव्हे, नुसता मोबाइल नंबर. “फळगळ झाली त थो येतच नाही,” ते म्हणाले. “मंग विसार आपला, अन् फळंबी आपलेच. पन तवरक बाजार खाली येते.”

जाता जाता बिडीचं सांगून टाकतो, कारण धंद्याच्या स्वातंत्र्याचा पहिला मोठा निकाल याच जुन्या प्रांताच्या कायद्यावर आला. १९४८च्या कायद्याने शेतीच्या हंगामात बिड्या वळायला बंदी करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. शेतीला मजूर मिळावेत म्हणून. सागर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरने १९५०च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी तशी बंदी घातली. चिंतामणराव नावाचे कारखानदार आणि एक कामगार सुप्रीम कोर्टात गेले. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी विचारलं, शेतात उतरू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी घरी बसून बिडी का वळू नये? हेतू चांगला असला तरी उपाय गरजेपेक्षा मोठा असेल तर तो ‘वाजवी बंधन’ नव्हे. नोव्हेंबर १९५०, घटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. तो निकाल आजही कोर्टात रोज कुठेतरी वाचला जातो.

आणि आता कापूस. खरी कथा कापसाचीच आहे.

महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला आणि ७२च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. महाराष्ट्रात पिकलेला कापूस सरकारने नेमलेल्या यंत्रणेलाच विकायचा, दुसऱ्या कोणाला नाही, आणि राज्याबाहेर तर नाहीच. हेतू व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवण्याचा. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना संकलन केंद्राबाहेरच्या गाड्यांची रांग आठवते. दोन-दोन दिवस बैल सोडून गाडीखाली झोपायचं. आत गेल्यावर ग्रेडर मूठभर कापूस उचलून बोटांनी धागा ओढून पाही आणि प्रत ठरवी. त्या एका क्षणात वर्षाचा हिशेब. मग चुकारा. हमीभावाची रक्कम आधी, बाकीची नंतर, वर कपाती. लग्न, बियाणं, सावकार यांना हप्ते समजत नाहीत.

आणि वरूड, नरखेड, सावनेरपासून हाकेच्या अंतरावर मध्य प्रदेश. पांढुर्णा, सौंसरला व्यापाऱ्यांची खुली खरेदी, नगद पैसा. मग व्हायचं ते झालं. कापूस रात्री निघू लागला. नाल्यातून, पांदणीतून, सालबर्डीच्या डोंगराच्या कडेकडेने. ज्या वर्षी महाराष्ट्राचा हमीभाव बाजारापेक्षा चढा असे, त्या वर्षी प्रवाह उलटा, पलीकडचा कापूस अलीकडे येऊन ‘महाराष्ट्राचा’ होई. कापसाला भाषा नसते. झोनबंदी म्हणून जिला शेतकरी संघटनेने शिव्या घातल्या ती हीच. माझ्या आजोळी एक बंडी पकडली गेली होती. बैल सोडून दिले, कापूस जप्त झाला आणि मामाला तालुक्याच्या किती खेपा पडल्या याचा हिशेब घरातल्या बायका वर्षानुवर्षं सांगत. आपल्या शेतातला आपला कापूस चोरून न्यायचा, हे माझ्या आजीला शेवटपर्यंत समजलं नाही.

घटनेचं ३०१वं कलम सांगतं, भारतभर व्यापार, वाणिज्य आणि दळणवळण मुक्त असेल. मग बंडी अडवली कशी? ही कल्पना घटनाकारांनी घेतली ऑस्ट्रेलियाकडून. तिथे फ्रेडरिक जेम्स नावाचा सुकामेव्याचा व्यापारी होता, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बेरी गावचा. मनुका-बेदाणे दुसऱ्या राज्यात किती विकायचे यावर सरकारने कोटा घातला, आणि हा गडी वर्षानुवर्षं खटले लढत राहिला. १९३६ला प्रिव्ही कौन्सिलने त्याच्या बाजूने निकाल दिला की व्यापार मुक्त म्हणजे केंद्र सरकारपासूनही मुक्त. अमेरिकेत याच्या नेमकं उलट झालं. ओहायोच्या फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या कोंबड्यांसाठी ठरवून दिल्यापेक्षा जास्त गहू पेरला, तर १९४२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तोही आंतरराज्य व्यापार मानला, कारण त्याने तेवढा गहू बाजारातून विकत घेतला नाही! आपण मधे कुठेतरी राहिलो. ३०१ने मुक्तता दिली आणि पुढच्या चार-पाच कलमांनी तिला दारं-खिडक्या ठेवल्या. त्यातलं ३०५वं कलम सरकारी एकाधिकारासाठी.

न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. १९६०च्या अटियाबारी चहा कंपनी प्रकरणात त्यांनी बहुमताच्या वतीने लिहिलं की मालाच्या वाहतुकीवर थेट भार टाकणारा करसुद्धा व्यापाराच्या मुक्ततेवर घाला ठरू शकतो. नंतर ओरिसातल्या तेंदूपानांच्या अकादसी पाढान प्रकरणात त्यांनीच लिहिलं की राज्याने एखाद्या मालाचा एकाधिकार घेतला तर त्या एकाधिकाराचा गाभा वाजवीच मानायचा, कोर्टाने फक्त आजूबाजूच्या अटी तपासायच्या. कर लावला तर तपासणी कडक, धंदाच काढून घेतला तर सौम्य. मला यातली घटनात्मक संगती समजते, पहिल्या दुरुस्तीचे शब्दच तसे आहेत. पण बंडीवाल्याच्या बाजूने पाहिलं की ती उरफाटी दिसते. एकाधिकार कोर्टाने मोडला नाही. तो तोट्याने मोडला, आणि २००२च्या हंगामात खाजगी व्यापाऱ्यांना दार उघडलं. तोवर विदर्भाच्या शेतकऱ्याला जो काही दुसरा भाव मिळत होता, तो शेजारी दुसऱ्या राज्याचा दुसरा कायदा होता म्हणून. पांढुर्ण्याची मंडी हेच त्याचं अपिलाचं कोर्ट. निकाल त्याच रात्री, रोख.

मला वाटतं, संघराज्याबद्दल बोलताना आपण हे विसरतो. केंद्र वरचढ की राज्य, हा वाद दिल्लीत रंगतो. सीमेवरच्या माणसाला फायदा झाला तो दोन राज्यांनी एकच चूक एकाच वेळी केली नाही याचा.

प्रवेशकराचं तेवढं थोडक्यात. माल गावाच्या हद्दीत आणला की मध्य प्रदेश १९७६च्या कायद्याने कर घेई. नंतर याच राज्यातल्या भगतराम राजीवकुमार प्रकरणात कोर्टाने तो सैल हाताने तपासून चालू दिला, २००६ला घटनापीठाने ती सैल कसोटी रद्द केली, आणि ११ नोव्हेंबर २०१६ रोजी जिंदल स्टेनलेस प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने अटियाबारीपासूनचा सगळा डोलारा उतरवला. कर म्हणजे आपोआप अडथळा नव्हे, बाहेरच्या मालाशी भेदभाव केला तरच तो ३०४मध्ये अडकेल. छपन्न वर्षांचा वाद मिटला. आणि आठ महिन्यांत जीएसटी आला, प्रवेशकरच गेला! परिवहन खात्याचे नाके मात्र उभे राहिले. सौंसरजवळचा सातनूरचा नाका ट्रकवाल्यांच्या जिभेवर होता, कोणत्या शब्दांत ते छापता येणार नाही. मध्य प्रदेशाने १ जुलै २०२४ पासून हे नाके बंद केले. तेही कोर्टाच्या कलमाने नव्हे, सरकारच्या आदेशाने.

शेतमालाचा व्यापार नेमका कोणाचा, केंद्राचा की राज्याचा, हा प्रश्न तर हातातोंडाशी येऊन निसटला. बाजार आणि जत्रा राज्याच्या यादीत, अन्नधान्य-तेलबिया-कच्चा कापूस यांचा व्यापार समवर्ती यादीच्या ३३व्या नोंदीत. २००२ साली आयटीसी विरुद्ध बिहारची बाजार समिती या प्रकरणात तंबाखूच्या बाबतीत कोर्टाने राज्याच्या बाजूला कौल दिला होता. २०२०ला केंद्राने ३३व्या नोंदीवर बोट ठेवून बाजार समितीबाहेरचा व्यापार खुला करणारा कायदा केला. १२ जानेवारी २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली आणि समिती नेमली. समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. अहवाल मार्चमध्ये बंद लिफाफ्यात गेला आणि लिफाफा बंदच राहिला. घनवटांनी तो वर्षभराने स्वतः लोकांसमोर ठेवला. तोवर कायदे मागे घेतले गेले होते. कायदा चांगला की वाईट यावर भांडणं झाली, तो करण्याचा अधिकार केंद्राला होता का यावर निकाल नाही. माझ्या मते कोर्टाने इथे आपलं काम केलं नाही. स्थगिती द्यायची असेल तर कारण घटनेतून द्यावं. पांढुर्ण्याच्या मंडीत उद्या परत कोणी हा प्रश्न उकरला तर पाटी कोरीच आहे.

खनिजाचा निकाल तुलनेने ताजा. या मुलखात मँगनीज आहे. सौंसर तालुक्यातली गोवारी-वढोणाची खाण ‘मॉइल’ची, जिचं मुख्यालय नागपूरला आणि जिच्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही सरकारं भागधारक. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक असं ठरवलं की स्वामित्वधन म्हणजे कर नव्हे, आणि खनिज-हक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांचा. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी विरोधी मत दिलं. १९३८च्या पेट्रोलपासून काढलेली रेघ इथवर येते, तोच कल, राज्यांना कमवायला जागा ठेवण्याचा. पण खाणीशेजारच्या गावाला त्यातलं काय, हे निकालात नसतं.

शेवटी रस्ता. नागपूर-बैतूल महामार्ग पांढुर्ण्यावरून जातो. तो चौपदरी झाला तेव्हा काठाकाठाची शेतं गेली. राष्ट्रीय महामार्ग कायद्याला १९९७ साली ३-जे नावाचं कलम जोडलं गेलं होतं. त्याचा परिणाम असा की धरणासाठी जमीन गेली तर जुन्या भूसंपादन कायद्याप्रमाणे किमतीवर तीस टक्के दिलासा रक्कम आणि वर व्याज, महामार्गासाठी गेली तर दोन्ही नाही. तीच जमीन, तोच पटवारी, वेगळा मोबदला. मोबदला पटला नाही तर लवादाकडे जायचं, आणि लवाद नेमणार केंद्र सरकार. १ जानेवारी २०१५ पासून नवीन भूसंपादन कायद्याची भरपाई लागू झाली, पण मधल्या जवळजवळ अठरा वर्षांचे लोक लोंबकळत राहिले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग प्रकरणात ३-जे समानतेच्या कसोटीवर रद्द केलं आणि दिलासा रक्कम व व्याज देय ठरवलं. महामार्ग प्राधिकरण पुन्हा कोर्टात गेलं, की हे इथून पुढच्यासाठीच म्हणा. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी कोर्टाने ते नाकारलं. पन्नासच्या दशकात जमीनदारांच्या तोंडी जो हक्क हरला, तो असा मागच्या दाराने, एका रकान्याच्या रूपात, लहान शेतकऱ्याकडे परत आला.

रस्त्याच्या काठच्या एका घरी मी भरपाईच्या अवॉर्डचा कागद पाहिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. खसरा क्रमांक, क्षेत्रफळ, दर. झाडांची संख्या वेगळी, प्रत्येक झाडाची किंमत वेगळी. एक आकडा पुसून पुन्हा लिहिलेला होता. ‘तोषण राशि’ हे शब्द त्यात कुठेच नव्हते. घरातल्या कोणालाही ते माहीत नव्हते, आणि ‘दिलासा रक्कम’ असं मराठीत सांगितल्यावरही चेहरे कोरेच राहिले. मग सून म्हणाली, “म्हंजे बाकी आहे का अजून?”

तुमच्या घरची १९९७ ते २०१४च्या दरम्यान महामार्गाला जमीन गेली असेल, पांढुर्ण्यात असो की महाराष्ट्रात, तर तो कागद शोधून काढा. तोषण राशि किंवा दिलासा रक्कम आणि व्याज हे दोन रकाने बघा. नसतील तर तालुक्याच्या वकिलाला तो कागद दाखवा, आणि जबलपूरला किंवा नागपूरला जावं लागेल का ते आधी विचारा.